जॉर्जियातला पिवळा चहामळा

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला सांगलीत पहिल्यांदा नायगाऱ्याबद्दल विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. मुलीकडे, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला, तीन महिने होते. त्यातले सहा दिवस दक्षिणेला जॉर्जिया राज्यात काढले, आणि माझ्या लक्षात राहिलेली अमेरिका म्हणजे तेच सहा दिवस. तिथे मी पिवळी पडलेली चहाची झुडपं पाहिली आणि दोन माणसं पाहिली. ती मला सख्ख्यांइतकी जवळची आहेत आणि त्या आठवड्यात त्यांनी माझं डोकं पार उठवलं.

मी एकतीस वर्षं सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केलं. निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली, तरी कुठे गेले की पहिली नजर पायाखाली जाते. पिस्कॅटवेला मी मुलीच्या अंगणातली चिमूटभर माती बोटांत चोळून पाहत होते, तर बारा वर्षांची नात म्हणाली, "आजी, इट्स जस्ट डर्ट." तिला मी अर्धा तास समजावलं. तिने हेडफोन काढले नव्हते हे मला शेवटी कळलं.

तिथेच विनायकचा फोन आला. विनायक माझा मावसभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तीस वर्षं पार्सिपनीत राहून कॉम्प्युटरची नोकरी केली. मुलगा कॅलिफोर्नियात स्थिरावल्यावर याने लवकर निवृत्ती घेतली, पार्सिपनीचं घर विकलं आणि जॉर्जियात जमीन घेऊन चहा लावला. अमेरिकेत चहा होतो हे मला तेव्हाच कळलं. उन्हाळ्यातली दमट हवा, भरपूर पाऊस आणि आम्ल माती एवढं असलं की होतो, आणि दक्षिणेत हे तिन्ही आहे. फोनवर तो म्हणाला, "ताई, झाडं थोडी यलो दिसतायत. तू इथे आहेसच तर एक नजर टाकून जा." त्याच्या आवाजावरून 'थोडी' हा शब्द खोटा आहे हे मी ओळखलं.

मुलगी म्हणाली, आई, तू सुट्टीवर आहेस. मातीची आम्लता मोजणारा माझा खिशातला सामूमापक मी बॅगेत भरला आणि निघाले.

पहिला दिवस

सॅव्हानाच्या विमानतळावर विनायक आणि त्याची बायको नंदिनी दोघंही आले होते. तिथून शेत दीड तासावर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाइनची उंच, सरळ झाडं आणि मधूनच एखादा जुना ओक. त्याच्या फांद्यांवरून करड्या जटांसारखी एक वनस्पती लोंबत असते. जमीन सपाट, वाळूची. मे महिना होता, हवा चिपळूणसारखी चिकट.

एका वळणावर टपरी होती आणि पाटीवर उकडलेल्या शेंगांचं चित्र. मी गाडी थांबवायला लावली. खरंच भुईमुगाच्या शेंगा, सालासकट मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, कागदी पिशवीत गरम गरम. आपल्याकडे उकडतात तशाच, फक्त मीठ दुप्पट. त्या सहा दिवसांत मला कोणत्याही तक्रारीशिवाय आवडलेली वस्तू एवढीच. गाडीत आम्ही तिघं शेंगा सोलत होतो, पण ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. नंदिनी माझ्याशी बोलायची, विनायक माझ्याशी बोलायचा.

पोचल्याबरोबर मी मळ्यात शिरले. ओळी सुरेख आखलेल्या, ठिबकच्या नळ्या सरळ, प्रत्येक ओळीला नंबर. आणि झुडपं गुडघ्याच्याही वर गेलेली नाहीत. तीन वर्षांची झाडं ती. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं त्या मानाने बरी. हे चित्र मी हजारो वेळा पाहिलेलं आहे, चहावर नव्हे, सांगलीकडे द्राक्षावर. मातीत लोह असतं, पण माती आम्ल नसली की झाडाला ते घेता येत नाही.

"सामू किती आहे?" मी विचारलं. सामू म्हणजे पीएच. सात हा मध्य, खाली आम्ल, वर अल्कधर्मी. चहाला साडेचार ते साडेपाच लागतो.

"परफेक्ट आहे," विनायक म्हणाला. "साडेपाच. मी दर आठवड्याला चेक करतो, सगळा डेटा आहे माझ्याकडे." त्याने खिशातून दोन दांड्यांचं एक हिरवं यंत्र काढून जमिनीत खुपसलं. काटा साडेपाचवर गेला. दुसऱ्या ओळीत खुपसलं, साडेपाच. मी ते यंत्र त्याच्या हातून घेतलं, स्वयंपाकघरात नेलं आणि वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवलं. काटा साडेपाच. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवलं. साडेपाच.

विनायकने काट्यावर टिचकी मारली. मग म्हणाला, रिव्ह्यूज चांगले होते.

दुसरा दिवस

सकाळी नाश्त्याला ग्रिट्स. मक्याच्या कण्यांची पेज, वर लोणी. नंदिनी कढीपत्त्याची फोडणी देते म्हणून ती खाववते.

मी शेताचे चार भाग पाडले आणि प्रत्येकात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन नमुने गोळा केले. तिसऱ्या भागात एका मऊशा ढिगाऱ्याशेजारी बसले. तो लाल मुंग्यांचा निघाला. तिथे त्यांना आगमुंग्या म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे. पोटरीवर वीस-पंचवीस फोड आले आणि पुढचे तीन दिवस मी पाय बादलीत घालून शास्त्रीय चर्चा केल्या.

नंदिनीच्या काचेच्या पेल्यांत मी माती आणि दुकानातून आणलेलं ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी कालवलं, अर्धा तास थांबले आणि माझा मापक लावला. सहा पूर्णांक आठ. सात. सहा पूर्णांक नऊ. एका नमुन्याला सात पूर्णांक दोन. पाइनच्या जंगलातल्या वाळूत सात. मी विनायकला म्हटलं, लागवडीआधी माती तपासली होतीस का? तो म्हणाला, अर्थात. काउंटीच्या शेती कार्यालयात नमुना दिला होता. फाइल काढली, पहिल्याच पानावर अहवाल.

मूळ सामू चार पूर्णांक नऊ.

चहासाठी याहून चांगला आकडा मी स्वतः लिहून दिला असता तरी साधला नसता. आणि त्याच्याखाली शिफारस, भरपूर चुना घालावा. मला काही कळेना. मग वरच्या चौकटीकडे लक्ष गेलं. पीक या रकान्यात 'लॉन' लिहिलं होतं.

"यादीत चहा नव्हता ग," विनायक म्हणाला. "पार्सिपनीला मी दरवर्षी लॉनसाठीच द्यायचो. म्हटलं, ग्रीन इज ग्रीन."

मी त्याला लहानपणी गणित शिकवलं आहे. तेव्हाही तो प्रश्न पूर्ण वाचायच्या आधी उत्तर लिहायचा. कार्यालयाची चूक नव्हती, हिरवळीसाठी तो सल्ला अगदी योग्य होता. याने तो सल्ला इमानेइतबारे पाळून निसर्गाने फुकट दिलेली आम्ल माती चुना घालून मारली, आणि मग त्यात चहा लावला. त्या कार्यालयात फोन करून त्याने फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता. मी म्हटलं, विचारायचं नाही का कुणाला? तो म्हणाला, लोकांचा वेळ कशाला घ्यायचा, सगळं ऑनलाइन असतं.

पुढचं त्याने सांगितलं. पहिल्याच वर्षी पानं पिवळी पडल्यावर त्याने वाचलं की गंधकाने माती आम्ल होते. दोनदा गंधक घातलं. नंतर ते हिरवं यंत्र आणलं, त्याने साडेपाच दाखवलं, मग हा निर्धास्त झाला आणि अन्नद्रव्यांच्या मागे लागला. नत्र, स्फुरद, जस्त. मातीत खायला भरपूर होतं आणि झाडं उपाशी होती.

पण माझं एक कोडं सुटेना. वाळूच्या जमिनीत चुना फार काळ टिकत नाही. दोन वर्षं गंधक पडलेलं आहे, पाऊस भरपूर आहे, म्हणजे सामू खाली यायला हवा होता. तो सातवर कसा टिकला? मी सगळे पेले पुन्हा धुतले आणि पुन्हा मोजलं. तेच आकडे.

दुपारी विनायक बाजारात गेला होता. मी व्हरांड्यात पाय बादलीत घालून बसले होते. नंदिनी शेजारी येऊन बसली.

तिला मी तीस वर्षं ओळखते. पार्सिपनीत तिने मराठी शाळा चालवली. तिच्या हाताखालून शंभर मुलं गेली असतील, त्यांच्या बारशापासून ग्रॅज्युएशनपर्यंत ती प्रत्येक घरात असायची. इथे सर्वांत जवळचं घर पाऊण मैलावर. तिने सांगितलं की शेत घ्यायचं हे तिला सह्या करायच्या आठवड्यात कळलं. आधी तीन महिने तो कॉम्प्युटरवर नकाशे बघत होता, तिला वाटलं फिरायला जायचा बेत असेल. या वर्षीही पानं हिरवी झाली नाहीत तर सोडून द्यायचं, एवढं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, त्याला सांगा ना, ही जमीन चहाची नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकत तो."

मी म्हटलं, जमीन चहाचीच आहे, नंदिनी.

"मला माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

माझा संताप झाला, तो आधी तिच्यावर. एकतीस वर्षांत किती जणांनी मला अहवालातला आकडा बदलायला सांगितला असेल, कुणासाठी मी तो बदलला नाही. मग विनायकवर झाला, कारण चांगल्या बाईवर ही वेळ त्याने आणली. आणि शेवटी स्वतःवर, कारण हो म्हणावंसं मला क्षणभर वाटलं होतं. नंदिनीने बादलीतलं पाणी बदललं आणि ती आत गेली.

चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस झाला, वीज गेली, काही काम झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा केला. मी आणलेली पूड, तिथलं पाणी. चहावर साय धरावी तसा करडा तवंग आला. गेले तीन दिवस येत होता, मी दुधाला दोष देत होते. पातेलं धुताना आतून पांढरा खरखरीत थर हाताला लागला. नंदिनी म्हणाली, इथे तसंच होतं, दर पंधरा दिवसांनी किटली व्हिनेगरने उकळावी लागते.

व्हिनेगरची बाटली घेऊन मी लंगडत शेतात गेले. ठिबकच्या नळीवर प्रत्येक भोकाभोवती पांढरं कडं जमलं होतं. चार दिवस मी त्या नळ्या ओलांडत होते. व्हिनेगरचे थेंब टाकले, तर कडं फसफसून उठलं.

बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुनखडक होता. विनायक रोज सकाळी, टायमर लावून, प्रत्येक झाडाच्या मुळाशी थोडा थोडा चुना घालत होता. वर्षातून दोनदा गंधक आणि दररोज चुना. पाण्याने जमीन कशी बिघडते हे मी कृष्णाकाठच्या गावागावांत जाऊन सांगितलेलं आहे, त्यावर भाषणं दिली आहेत. आणि इथे चार दिवस तेच पाणी पीत होते. त्या सकाळी विनायकवर ओरडायचा मला फारसा हक्क उरला नव्हता, तरी मी ओरडले.

तो म्हणाला, बोअर कसली बंद करणार, दुसरं पाणी कुठलं? मी विचारलं, शेजारी कोण शेती करतं? तो म्हणाला, मिस्टर हॉलिस, पण त्यांच्याकडे ब्लूबेरी आहे, चहा नाही.

ब्लूबेरीला चहासारखीच आम्ल माती लागते. मी नंदिनीला गाडी काढायला सांगितली.

हॉलिस सत्तरी ओलांडलेले, उंच, टोपी न काढणारे गृहस्थ. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, उरलेलं नंदिनी सांगत होती. त्यांनी आम्हाला गार चहा दिला, म्हणजे साखरेचा पाक, त्यात बर्फ आणि चहाची आठवण. तो मी शिष्टाचार म्हणून संपवला. मग ते आम्हाला शेतावर घेऊन गेले. तीच वाळू, तेच पाइन, आणि पुरुषभर उंच, गर्द हिरवी ब्लूबेरी. झाडांच्या बुंध्याशी पाइनच्या सालींचा जाड थर. कडेला पावसाच्या पाण्याचं तळं, त्यातून पाइप. खोल बोअरचं पाणी ते फक्त घरात वापरतात. खाली चुनखडक आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, असं ते म्हणाले.

मी विचारलं, विनायकला माहीत होतं?

"मी त्याला पहिल्याच वसंतात सांगितलं होतं," हॉलिस म्हणाले. "त्याने थँक यू म्हटलं. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं."

परतताना नंदिनीने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, पण ते हसणं बघवत नव्हतं.

पाचवा दिवस

दुपारच्या जेवणाला पिठलं आणि तांदळाची भाकरी होती. जेवण झाल्यावर मी दोघांनाही बसायला सांगितलं आणि अहवाल दिला, जसा शेतकऱ्याला देते तसा. मूळ जमीन उत्तम आहे. चुना चुकीने पडला, पाण्याने तो टिकवला. बोअरचं पाणी झाडांना बंद करायचं, तळं खणायचं, गंधक बेताने, पाइनच्या सुया आणि साली बुंध्याशी. वाळूची जमीन आहे, ती जशी बिघडली तशी सुधारेल. दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. झाडं मरणार नाहीत.

विनायकचा चेहरा उजळला. "म्हणजे वाचतंय सगळं," तो म्हणाला आणि वही ओढून तळ्याचा आकार काढायला लागला.

नंदिनी टेबलावरून भांडी उचलत होती. तिने ती परत खाली ठेवली.

"मी ताईंना खोटं बोलायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "की जमीन वाया गेली म्हणून सांगा. त्यांनी नाही ऐकलं."

विनायक आधी माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. तो म्हणाला, पण का? आणि हे त्याने खरोखर न कळून विचारलं. ते ऐकून मला वहीच त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

नंदिनीने शांतपणे सांगितलं. तीन वर्षांत तिने आठवड्यातून एकदा दुकानातल्या कॅशिअर बाईशी गप्पा मारल्या, तेवढीच तिची माणसं. आणखी तीन वर्षं ती हे करू शकत नाही. ती माझ्याबरोबर पिस्कॅटवेला येणार आहे, पुढचं तिथे ठरवेल. तो म्हणाला, झाडं जगणार आहेत हे आत्ताच कळलं आणि तू आत्ता जाणार? ती म्हणाली, झाडं जगणार आहेत म्हणूनच.

मी उठून अंगणात गेले. मातीबद्दल जे सांगायचं होतं ते मी सांगितलं होतं. उरलेल्या भांडणात माझं काम नव्हतं, आणि दोघांपैकी कुणालाही मी समजावणार नव्हते, इतकी मी वैतागले होते. तासाभराने विनायक बाहेर आला, गाडीत बसला आणि हॉलिसच्या घराच्या दिशेने गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या बुटांना तळ्याचा चिखल होता. म्हणाला, तीन तास बसलो होतो. हॉलिस बोलत होते, मी ऐकलं.

निघताना

विमानतळापर्यंतचा दीड तास विनायकने मला गंधकाबद्दल प्रश्न विचारले. ओळीत घालू की झाडाभोवती, पावसाआधी की नंतर. मी उत्तरं दिली आणि मनात म्हणत होते, अरे, मागे बायको बसली आहे. आत जायच्या दारापाशी त्याने बॅगा उतरवल्या, आणि गंधकाचा आणखी एक प्रश्न काढला. मी म्हटलं, "विनू, मी फोनवर सांगेन. तिच्याशी बोल."

मी बाजूला सरकले, पण ऐकू येत होतं. त्याने तिच्या बॅगेचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "मी काय करू, नंदिनी?"

तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, असं काहीतरी ती बोलेल असं मला वाटलं. तिने तसं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "मला अजून माहीत नाही. कळलं की सांगते." आणि त्याच्या शर्टाची वर दुमडलेली कॉलर तिने नीट केली. विमानात ती खिडकीकडे तोंड करून झोपली. मी सुजलेला पाय पुढच्या सीटखाली घालून बसले होते आणि आमच्या विमानाला दोन तास उशीर झाला होता, त्याबद्दल कुणीच काही सांगत नव्हतं.

नंदिनी माझ्या मुलीकडे दीड महिना राहिली, मग एडिसनला खोली घेतली आणि शनिवारची मराठी शाळा पुन्हा सुरू केली. मी सांगलीला परतले. विनायक मला दर महिन्याला मातीचे आकडे पाठवायचा, आता खऱ्या प्रयोगशाळेचे. सहा पूर्णांक सहा. सहा पूर्णांक एक. पाच पूर्णांक आठ. अर्जात पीक म्हणून तो 'चहा' स्वतःच्या हाताने लिहितो, रकाना नसला तरी. नंदिनीबद्दल त्या मेसेजमध्ये कधी काही नसायचं, आणि मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, ते जेमतेम पाळलं.

दीड वर्षाने, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी एक लहान पाकीट आलं. त्यांच्या मळ्यातला पहिला चहा. मी कृष्णेच्या पाण्यात उकळला, दूध-साखर घालून, आणि मग नुसताही. चांगला नव्हता. पानं नीट सुकवली नव्हती, धुराचा वास होता. मी लगेच विनायकला फोन केला, कारण अशा गोष्टी मनात ठेवल्या की मला झोप लागत नाही. फोन नंदिनीने उचलला, आणि ती मळ्यावर आहे हे मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, चहा वाईट झालाय.

"मी पण त्याला तेच सांगितलं," ती म्हणाली. मागे पंप चालू असल्याचा आवाज येत होता, आणि विनायक तिला हाक मारून विचारत होता की तळ्याचं पाणी आता बंद करू का.